घरच्या संगणकावरील फायली एन्क्रिप्ट कराव्यात का?

पाचपाखाडीकर (ठाणे)

नमस्कार. आमच्या घरी सर्वांना मिळून एकच डेस्कटॉप आहे. तो अधूनमधून आपोआप बंद पडतो, आणि त्यातील जुनी हार्ड डिस्क तर एखादा फोल्डर उघडायलाही फार वेळ लावते. स्टेशनजवळच्या ज्या दुकानात तो दुरुस्तीला द्यायचा आहे, त्यांनी मशीन काही दिवस ठेवून जावे लागेल असे सांगितले आणि विंडोजचा पासवर्डही चिठ्ठीवर लिहून मागितला. दुकानदारावर माझा अविश्वास नाही. परंतु त्या मागणीमुळे आपल्या संगणकावर नेमके काय काय साठले आहे, याचा मी बसून विचार केला.

त्यावर आमची प्राप्तिकर विवरणपत्रे, घरातील सर्वांच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती, आईचे वैद्यकीय अहवाल, विम्याची कागदपत्रे आणि अनेक वर्षांचे कौटुंबिक फोटो आहेत. शिवाय मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव असल्यामुळे सभासदांचे नामनिर्देशनाचे अर्ज, भाडेकरारांच्या प्रती आणि भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीचे कागदही माझ्याच संगणकावर आहेत. स्वतःच्या कागदांबाबत मी थोडा धोका पत्करू शकेन, पण शेजाऱ्यांच्या कागदांबाबत तसे करण्याचा मला अधिकार नाही, असे मला मनापासून वाटते.

संगणकावर विंडोज ११ होम आहे. विंडोज एसएसडीवर (चिपवर साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कवर) आणि फोटो जुन्या १ टीबी हार्ड डिस्कवर आहेत. मला विचारायचे आहे ते असे, की संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करावी (म्हणजे पासवर्ड किंवा किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करावी) की निवडक कागदपत्रेच करावीत? त्यामुळे संगणक मंद होतो का? पासवर्ड विसरल्यास काही उपाय उरतो का? हाच संगणक माझी पत्नी, मुलगा आणि आईही वापरतात, आणि आईला आणखी एक पासवर्ड लक्षात ठेवायला लावणे मला योग्य वाटत नाही. माझ्या मेहुण्यांचे म्हणणे असे, की घरच्या संगणकावर अशी कुलुपे लावणे कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे ठरू शकते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घणसोलीकर (नवी मुंबई)

मी बराच काळ संगणक दुरुस्तीच्या कामात होतो, म्हणून दुकानाच्या बाजूने सांगतो.

सर्वप्रथम एक समज दूर करायला हवा. विंडोज सुरू होताना आपण जो पासवर्ड टाकतो, तो डिस्कवरील फायलींचे रक्षण करीत नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, किंवा लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली असलेल्या पेन ड्राइव्हवरून तोच संगणक सुरू केला, की एन्क्रिप्ट न केलेल्या सर्व फायली वाचता येतात. त्यासाठी फार मोठ्या कौशल्याची गरज लागत नाही. दुरुस्तीच्या दुकानात हे रोजचे काम असते आणि ग्राहकांचा डेटा वाचवण्यासाठी आम्हीही तेच करीत असू. म्हणून संगणक चोरीला जाणे, दुरुस्तीला देणे, विकणे किंवा भंगारात काढणे या प्रसंगांसाठी एन्क्रिप्शन हाच खरा बंदोबस्त आहे.

विंडोज ११ होममध्ये बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या विंडोजच्याच सोयीचा, पूर्ण संच मिळत नाही. तो प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांमध्ये असतो. मात्र योग्य हार्डवेअर असल्यास होममध्येही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाची सोय असते आणि तिच्या मुळाशी बिटलॉकरच असते. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात ती दिसते का, हे आज घरी गेल्यावर लगेच पाहा. हे आवर्जून सांगण्याचे कारण असे, की २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून, विंडोज नव्याने बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले, तर ही सोय पुष्कळ संगणकांवर आपोआप चालू होते. आपली डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे हे अनेकांना ठाऊकच नसते आणि मदरबोर्ड (संगणकाचे मुख्य सर्किट) बदलल्यावर पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडण्याची राखीव किल्ली, मागणारी निळी पाटी आली, की धावपळ सुरू होते. डिस्क उघडणारी नेहमीची किल्ली टीपीएम या चिपमध्ये बांधलेली असल्यामुळे मदरबोर्ड बदलला की ती चिप बदलते. त्या वेळी ४८ अंक हातात नसतील, तर जगातील कोणतेही दुकान ती डिस्क उघडून देऊ शकत नाही. तुमचे मशीन आपोआप बंद पडत आहे, म्हणजे मदरबोर्ड बदलावा लागण्याची शक्यता धरूनच चाला.

वेगाची काळजी करू नका. एन्क्रिप्शनसाठी वापरली जाणारी एईएस पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि २०१० पासून इंटेलच्या प्रोसेसरांत तिच्यासाठी स्वतंत्र आज्ञा येऊ लागल्या. विंडोज ११ चालवणाऱ्या कोणत्याही मशीनमध्ये त्या आहेत. विवरणपत्रे भरणे, पत्रे टंकणे, फोटो पाहणे या कामांत घरच्या माणसांना फरक जाणवणार नाही. आईंना वेगळा पासवर्डही लागणार नाही. टीपीएम असल्यामुळे डिस्क सुरू होतानाच उघडते आणि त्यांचा नेहमीचा पिनच पुरतो.

परंतु या पद्धतीची मर्यादा इथेच आहे. संगणक सुरू करून लॉगिन केले, की फायली उघड्याच असतात. दुकानात तुम्ही पासवर्ड लिहून दिलात, तर संपूर्ण डिस्कच्या एन्क्रिप्शनचा त्या दुकानापुरता काहीही उपयोग होत नाही. त्यासाठी एक तर डिस्क घरीच काढून ठेवा आणि बाकीचे मशीन द्या (बहुतेक हार्डवेअर दोषांसाठी दुकानाला तुमच्या डिस्कची गरज नसते), किंवा महत्त्वाची कागदपत्रे वेगळ्या पासवर्डाच्या आत ठेवा. त्याचप्रमाणे फसव्या दुव्यावर टिचकी मारल्याने शिरलेला व्हायरस किंवा खंडणी मागणारे रॅन्समवेअर यांच्यापासून डिस्कचे एन्क्रिप्शन वाचवत नाही, कारण तो प्रोग्राम तुमच्याच नावाने, उघड्या डिस्कवर चालत असतो.

नेरूळनिवासी (नवी मुंबई)

घणसोलीकरांच्या तांत्रिक माहितीशी मी सहमत आहे, पण 'सगळेच एन्क्रिप्ट करा' या दिशेने जाण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे.

पाचपाखाडीकरांनी लिहिले आहे की जुनी हार्ड डिस्क फोल्डर उघडायला फार वेळ लावते. ही डिस्क कदाचित शेवटच्या टप्प्यावर असेल. अशा डिस्कवर एन्क्रिप्शन चालू करणे म्हणजे तिच्यावरील सर्व मजकूर एकदा वाचून पुन्हा लिहायला लावणे. आजारी डिस्कला हे श्रम झेपले नाहीत आणि काम अर्ध्यावर थांबले, तर फोटोही जातील आणि ते परत मिळवणाऱ्यांचे कामही अनेक पटींनी कठीण होईल. म्हणून त्या डिस्कला सध्या वाचण्यापलीकडे काहीही करायला लावू नये. आधी नवी बाह्य डिस्क आणावी, त्यावर फोटो उतरवून घ्यावेत, त्यांपैकी बरेचसे उघडून पाहावेत, आणि मगच पुढचा विचार करावा.

फोटो एन्क्रिप्ट करावेत का, हा तर स्वतंत्रच प्रश्न आहे. मुंजीचे, सहलींचे, आजी-आजोबांचे फोटो एखाद्या चोराने पाहिले तर वाईट वाटेल, पण नुकसान होणार नाही. ते कायमचे गमावले तर मात्र भरून न निघणारे नुकसान होईल. आधार कार्डाच्या प्रतीचे बरोबर उलटे आहे. ती हरवली तर पुन्हा डाउनलोड करता येते, पण दुसऱ्याच्या हाती पडली तर त्रास होऊ शकतो. घरातील कागद आणि फायली या एकाच प्रश्नाने वेगळ्या करता येतात असे मला वाटते: गेली तर जास्त वाईट, की दुसऱ्याला मिळाली तर जास्त वाईट? फोटोंच्या बाह्य डिस्कवर मी स्वतः एन्क्रिप्शन ठेवत नाही, कारण पंधरा वर्षांनी कोणत्याही संगणकाला जोडली तरी ती उघडावी, अशी माझी इच्छा आहे.

संस्थेचे कागद, विवरणपत्रे आणि ओळखपत्रे यांच्यासाठी व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर वापरावे. हे मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे, आणि २०१४ मध्ये बंद पडलेल्या ट्रूक्रिप्ट या तशाच सॉफ्टवेअरच्या आधारे ते उभे राहिले आहे. त्यात ठराविक आकाराची एक मोठी फाइल तयार होते. पासवर्ड दिला की ती स्वतंत्र ड्राइव्हसारखी दिसते आणि काम झाल्यावर बंद करता येते. दुकानदाराला विंडोजचा पासवर्ड द्यावा लागला तरीही तिच्या आतले कागद बंदच राहतात. मात्र तिच्या आरंभी असलेला हेडर हा छोटासा भाग बिघडला, तर अचूक पासवर्ड असूनही काही उघडत नाही. हेडरची एक राखीव प्रत त्याच फाइलच्या शेवटी असते, तरीही व्हेराक्रिप्टमध्येच असलेल्या सोयीने आणखी एक प्रत काढून ती दुसरीकडे ठेवावी. पासवर्ड विसरल्यास मात्र कोणताही उपाय नाही. 'पासवर्ड विसरलात का?' असे विचारणारे बटण तिथे नसते, आणि ते नसणे हेच या साधनाचे बळ आहे.

खारघरकर (नवी मुंबई)

मी तंत्रज्ञ नाही. पण या चर्चेत घरातल्या इतर माणसांचा विचार फार कमी झाला आहे, म्हणून लिहिते आहे.

माझ्या दिरांचे अचानक निधन झाले. ते स्वभावाने अतिशय व्यवस्थित होते आणि विम्याच्या पॉलिसी, मुदत ठेवी, गावच्या जमिनीचे कागद, सगळे त्यांनी लॅपटॉपवर नीट लावून ठेवले होते. तो लॅपटॉप उघडेना. आमच्या जाऊबाईंना पिन ठाऊक नव्हता. रिकव्हरी की दिरांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असणार असे कुणीतरी सांगितले, तर त्या खात्याचा पासवर्ड माहीत नव्हता आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तोपर्यंत बंद झालेला होता. शेवटी प्रत्येक बँकेत आणि विमा कार्यालयात मृत्यूचा दाखला घेऊन जावे लागले, कोणत्या दारात जायचे हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागली, आणि दुःखाच्या त्या दिवसांत त्यांना जे हेलपाटे पडले ते मी जवळून पाहिले आहेत. दिरांनी सुरक्षिततेसाठी जे केले त्याला मी नावे ठेवणार नाही. फक्त त्यांच्याशिवाय दुसऱ्या एका माणसाकडे किल्ली असायला हवी होती.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की किल्ली कागदावर लिहून किंवा छापून घ्या आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक तुमच्या बँकेच्या लॉकरमध्ये आणि दुसरी विश्वासातल्या बहिणीकडे किंवा विवाहित मुलीकडे ठेवता येईल. लॉकर पत्नीच्या नावावरही असेल, हे पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातले कागद दमट होतात आणि शाई पसरते, तेव्हा कागद प्लास्टिकच्या पाकिटात बंद करा. बिलाच्या गुळगुळीत कागदावर छापू नका, त्यावरील अक्षरे काही वर्षांत उडून जातात. कागदावर नुसते अंक नकोत. हे कोणत्या संगणकाचे आहे, पडद्यावर काय दिसेल आणि ते कुठे टाकायचे, हे चार ओळींत मराठीत लिहून ठेवा. आणि तुम्ही शेजारी बसलेले असताना, पण काही न सांगता, पत्नीने त्या कागदाच्या आधारे एकदा कागदपत्रे उघडून दाखवावीत. त्या उघडू शकल्या नाहीत, तर तुमची तयारी अपुरी आहे असे समजावे.

घणसोलीकर (नवी मुंबई)

खारघरकरांनी अत्यंत महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्यात भर घालतो. बिटलॉकरची रिकव्हरी की प्रत्येकी सहा अंकांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. हाताने उतरवून घेतल्यावर शाळेत शिकलेली कसोटी लावून पाहता येते: एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करा, त्यांतील फरक शून्य किंवा ११ च्या पटीत आला पाहिजे. उदाहरणार्थ, १३५७९५ या गटात १, ५ आणि ९ यांची बेरीज १५ आणि ३, ७ आणि ५ यांचीही १५, म्हणून गट बरोबर. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही कसोटी ते लगेच दाखवते. आठही गट तपासायला पाच मिनिटे पुरतात.

नेरूळनिवासींचा फोटोंबाबतचा मुद्दा मला मान्य आहे. एसएसडीबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. एसएसडी जुन्या हार्ड डिस्कप्रमाणे त्याच जागी पुन्हा लिहीत नाही. ती झीज सारखी राहावी म्हणून नवा मजकूर दुसऱ्या जागी लिहिते, आणि त्यामुळे पुसलेल्या किंवा बदललेल्या फायलींचे अवशेष कुठे राहतील हे वापरणाऱ्याच्या हाती नसते. व्हेराक्रिप्टमधून उघडलेल्या दस्तऐवजाची तात्पुरती प्रत विंडोज किंवा वर्ड स्वतःच्या जागी ठेवू शकते, आणि ईमेलमधून आलेले जोडपत्र 'डाउनलोड्स'मध्ये पडून राहते. म्हणून एसएसडीवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आणि त्याच्या आत संस्थेच्या कागदांसाठी व्हेराक्रिप्टची फाइल, असे दोन्ही असावे. पहिले चोरीसाठी आणि भंगारासाठी, दुसरे दुकानासाठी आणि घरातल्या सामायिक वापरासाठी.

कळवेकर (ठाणे)

मेहुण्यांच्या शंकेपुरते लिहितो. घरच्या संगणकावर स्वतःच्या फायली एन्क्रिप्ट करण्यास आपल्याकडे बंदी नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा एक मसुदा प्रसिद्ध केला होता, पण त्यावर मोठी टीका झाल्याने तो काही दिवसांतच मागे घेण्यात आला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ नुसार मात्र सक्षम अधिकाऱ्याने रीतसर आदेश दिल्यास फायली उघडून देण्यास साहाय्य करावे लागते, आणि ते न केल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सामान्य कुटुंबाने यामुळे बिचकण्याचे कारण मला दिसत नाही.

सभासदांच्या कागदांबद्दल पाचपाखाडीकरांनी दाखवलेली जबाबदारीची जाणीव मला फार मोलाची वाटली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेली माहिती वगळलेली आहे. परंतु संस्थेचे सचिव म्हणून ठेवलेले कागद घरगुती म्हणता येतील असे मला वाटत नाही. तेव्हा एन्क्रिप्शनच्या आधी छाटणी करा. सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या आधारच्या प्रती तुमच्या संगणकावर कशासाठी हव्यात? यापुढे प्रत घेताना पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार पुरते का, तेही पाहा. आणि डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष, असा तो असतो. ज्याच्यापाशी सभासदांची यादी आणि नामनिर्देशनाचे अर्ज आहेत, त्याला तो ओळखायला वेळ लागणार नाही. ज्या झेरॉक्सच्या दुकानात या फायली छापायला पाठवल्या असतील, तिथल्या संगणकावर त्या अजून असू शकतील, हेही ध्यानात असू द्या. यापुढे समोर उभे राहून पुसून घ्या, किंवा घरीच छापा.

पाचपाखाडीकर (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संध्याकाळी सेटिंग्ज उघडून पाहिली, तर एसएसडीवरील डिव्हाइस एन्क्रिप्शन आधीच चालू असल्याचे दिसले आणि मला त्याची काहीच कल्पना नव्हती. मदरबोर्ड बदलायला मशीन तसेच दिले असते, तर काय झाले असते याचा विचारही नकोसा वाटतो. रिकव्हरी की माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळाली. ती छापून घेतली आणि मुलाने आठही गट ११ च्या कसोटीने तपासून दिले.

आता क्रम असा ठरवला आहे. प्रथम जुन्या डिस्कवरील फोटो नव्या बाह्य डिस्कवर, एन्क्रिप्शनशिवाय. मग संस्थेच्या कागदांची छाटणी, आणि उरलेल्यांसाठी व्हेराक्रिप्ट. त्याचा पासवर्ड आणि रिकव्हरी की लॉकरमध्ये आणि नाशिकला बहिणीकडे. पत्नीने कागद पाहून फायली उघडून दाखवल्यानंतरच मशीन दुकानात जाईल, आणि तेही दोन्ही डिस्क काढून. आईसाठी काहीही बदलणार नाही, याचे मला विशेष समाधान आहे.

एकच शंका राहिली. व्हेराक्रिप्टची ती फाइल बाह्य डिस्कवर फोटोंच्या शेजारीच नकलून ठेवली तर चालेल का?

नेरूळनिवासी (नवी मुंबई)

चालेल. ती फाइल कुठेही ठेवली तरी बंदच असते. फक्त व्हेराक्रिप्टमधून ती आधी बंद (डिसमाउंट) करा आणि मगच तिची प्रत काढा, कारण उघडी असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते. दर वेळी नवी प्रत पूर्ण झाल्यावर ती बाह्य डिस्कवरूनच एकदा उघडून पाहा, आणि तोपर्यंत आधीची प्रत पुसू नका. फोटोंची दुसरी प्रतही कुठेतरी हवीच. बहिणीकडे पाकीट पोहोचवायला नाशिकला जाणार असाल, तर सोबत एक जास्तीची डिस्क न्यावी.